चार मिलिमीटर मागे

बेस गिटार सुरात नसली की ऐकणारा बेसवाल्याकडं बघत नाही, गायकाकडं बघतो. गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदांत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, स्टुडिओतल्या तालमींत हे मी इतक्यांदा पाहिलंय की गाणारी मुलगी अस्वस्थ दिसली, एका कानावर हात ठेवून गायला लागली, साउंडवाल्याला सारख्या खुणा करू लागली, की मी आधी माझ्याच तारा तपासते. तिचा गळा बहुतेक वेळा ठीक असतो. ज्या षड्जावर ती उभी आहे तोच हललेला असतो.

आकडे पाहिले की कारण कळतं. बेसची सगळ्यांत जाड तार, म्हणजे ई, सेकंदाला सुमारे ४१.२ वेळा कंप पावते. ती दहा सेंट चढी लागली, म्हणजे अर्ध्या स्वराच्या एक दशांशानं, तरी फरक पडतो जेमतेम पाव हर्ट्‌झचा. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र वाजले की जो हेलकावा ऐकू येतो, त्याची एक फेरी पुरी व्हायला इथं चार सेकंद लागतील. गाण्यातला तो स्वर तोवर केव्हाच संपलेला असतो. म्हणून खाली खर्जात कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही. पण त्याच तारेचा आठवा उपस्वर, म्हणजे तिच्या सुरात दडलेला आठपट कंपनांचा बारीक सूर, ३३० हर्ट्‌झच्या आसपास असतो आणि तिथं तेच दहा सेंट सेकंदाला जवळजवळ दोन हेलकावे देतात. ३३० हर्ट्‌झ म्हणजे गायिकेचा आणि कीबोर्डच्या मधल्या पट्ट्यांचा इलाखा. चूक होते खाली आणि ऐकू येते वर, दुसऱ्याच्या आवाजात. बेस वाजवणाऱ्याला आपल्या वाद्याच्या इंटोनेशनची, म्हणजे प्रत्येक स्वर नेमक्या जागी लागतो की नाही याची, फिकीर असायलाच हवी, असं मी म्हणते ते यासाठी. तो शोभेचा प्रश्न नाही, दुसऱ्याच्या गाण्याचा आहे.

सेंट हे माप ॲलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकानं १८८५ मध्ये मांडलं. सप्तकाचे १२०० भाग, दर अर्ध्या स्वराला १००. एलिसला स्वतःला सुराचा कान नव्हता. आणि बेस गिटार ज्यानं घराघरांत पोचवली त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. या दोघांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. एकाला आपल्या कानावर विसंबता येत नव्हतं, दुसऱ्याला हातांवर. दोघंही मोजत राहिले, आणि आज माझ्या हातातल्या ट्यूनरच्या पडद्यावर एलिसचे सेंट दिसतात तेव्हा मांडीवर फेंडरच्या घाटाचं वाद्य असतं.

फेंडरनं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९५१ साली प्रिसिजन बेस काढली. त्याआधी बँडमध्ये खर्जाला असायचा तो माणसाच्या उंचीचा डबल बेस. न्यायला-आणायला अवघड, विजेच्या गिटारपुढं ऐकू न येणारा, आणि बिनफ्रेटचा. बोट केसभर मागं-पुढं पडलं की सूर हलला. फ्रेट बसवल्यावर बोटाची ती जबाबदारी धातूच्या पट्टीवर गेली. पण या पहिल्या प्रिसिजन बेसच्या ब्रिजवर, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथं टेकतात त्या पट्टीवर, चार तारांना मिळून सॅडल, म्हणजे तारेचे पुढं-मागं सरकणारे टेकू, होते दोनच. ई आणि ए एकावर, डी आणि जी दुसऱ्यावर. एका तारेचा सूर बसवायला सॅडल मागं घेतलं की शेजारची तारही मागं जायची, तिला तसं हवं असो वा नसो. जोडीतल्या दोघींच्या मध्ये कुठंतरी तोडगा काढायचा, एवढंच वादकाच्या हातात होतं. प्रत्येक तारेला स्वतःचं सॅडल मिळालं १९५७ मध्ये.

आता सॅडल मागं का घ्यावं लागतं? इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळी गंमत इथं आहे.

फ्रेट गणितानं बसतात. बेसची तार नटपासून, म्हणजे वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर धरतात. या लांबीला १७.८१७ नं भागलं की पहिल्या फ्रेटची जागा मिळते. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं, असं करत बाराव्या फ्रेटला पोचलं की बरोबर मध्य येतो, ४३२ मिलिमीटर. जुने कारागीर १७.८१७ ऐवजी सरळ १८ घेत. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ मध्ये ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याच्या पडद्यांसाठी, म्हणजे फ्रेटसाठी, हाच हिशेब सांगितला होता. अठरानं भागत गेलं तर बारावा फ्रेट मध्याच्या किंचित अलीकडंच राहतो आणि तिथला स्वर गणितानं सुमारे बारा सेंट उतरा निघतो. कागदावर हा दोष वाटेल. पण बोटानं दाबलेली तार ताणली जाते, आणि ताणलेली तार चढते. ढोबळ अठरा या चढण्याला आधीच जागा करून ठेवत होता.

१७.८१७ च्या नेमक्या गणितात ती जागा नाही. या गणिताला वाटतं की तार म्हणजे निव्वळ रेषा आहे, तिला जाडी नाही, ताठपणा नाही, दाबलं तरी ती ताणली जात नाही. बेसची ई तार १०५ गेजची, म्हणजे अडीच मिलिमीटरहून जास्त जाड. अशी तार सॅडलपासून लगेच झुलत नाही; टोकाचा थोडा भाग ताठच राहतो आणि कंप पावणारी लांबी दिसते त्याहून कमी भरते. दाबण्यानं सूर चढतो, ताठपणानंही चढतो. दोन्हींची भरपाई करायची तर तार थोडी लांब करायची, म्हणजे सॅडल मागं घ्यायचं. तार जितकी जाड तितकं जास्त मागं. म्हणून नीट लावलेल्या बेसचा ब्रिज वरून पाहिला की चार सॅडल तिरक्या ओळीत दिसतात, जीचं सगळ्यांत पुढं, ईचं सगळ्यांत मागं. आणि एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: ३४ इंची बेसवर सॅडल एक मिलिमीटर सरकलं की मोकळी तार आणि बारावा फ्रेट यांच्यातला फरक दोन सेंटनं बदलतो. दहा सेंट हवे असतील तर पाच मिलिमीटर. अर्धा पेच फिरवून चमत्कार होईल अशी आशा धरू नये.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, अशीच एक बेस घेऊन आला. सेकंडहँड, प्रिसिजनच्या घाटाची, हेडवरचं नाव कधीच खरवडून गेलेलं. "ताई, ही विकून टाकू का? ई तारेवर वर गेलो की सगळं बेसूर. एका ठिकाणी म्हणाले, ब्रिजच बदल."

ब्रिजकडं मी सगळ्यांत शेवटी बघते. निम्म्याहून जास्त वेळा दोष तिथं नसतोच, फक्त स्क्रू तिथं असतात म्हणून लोक ते फिरवत बसतात. जुन्या तारांत घाम, गंज, मळ एकीकडं जास्त, एकीकडं कमी साठतो. अशी तार तिच्या पूर्ण लांबीत सारखी जड राहत नाही आणि मग कुठलंच सॅडल तिला सुरात आणू शकत नाही. म्हणून आधी नव्या तारा. त्या चढवताना तारेला पीळ पडू द्यायचा नाही, आणि सॅडलच्या पुढं अंगठ्यानं दाबून तिला तिथं स्वच्छ वळण द्यायचं, नाहीतर ती सॅडलवरून कमानीसारखी उतरते आणि तिची खरी लांबी कुठून सुरू होते हेच ठरत नाही. मग नेक, म्हणजे वाद्याची लांब मान. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, उन्हाळ्यात सोडतं, आणि मान पुढं-मागं वाकते. या बेसची मान इतकी वाकली होती की मधल्या फ्रेटवर तारेखाली जवळजवळ एक मिलिमीटर फट होती. मानेच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा, मग रात्रभर थांबायचं, मग पुन्हा पाव. फट ०.३५ मिलिमीटरच्या आसपास आली तेव्हा थांबले. मग तारांची उंची: बाराव्या फ्रेटवर ई अडीच मिलिमीटर, जी दोन. सॅडलचे उंचीचे बारीक स्क्रू घामानं गंजून धरून बसले होते; त्यांना तेल पाजून सैल करण्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला.

आणि नट. याच्याकडं कुणी लक्ष देत नाही. नटमधली खाच उथळ असली, तार वर राहिली, की पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तिला खूप खाली दाबावं लागतं आणि तिथले स्वर चढतात. वादकाला वाटतं इंटोनेशन गेलं, तो ब्रिजवर हात चालवतो, आणि बरोबर असलेला बारावा फ्रेटही बिघडवतो. तपासायची रीत सोपी आहे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट उरते ते बघायचं, कागदाएवढी असावी. इथं ती कितीतरी जास्त होती. बारीक कानशीनं खाच थोडी थोडी खोल केली. पिकअप तारांच्या फार जवळ होते तेही खाली घेतले, कारण चुंबक जाड तारेला ओढतं आणि सूर डळमळतो.

एवढं झाल्यावर ए, डी, जी या तीन तारा थोडक्यात जागेवर आल्या. ई मात्र बाराव्या फ्रेटवर बारा सेंट चढीच. आणि तिचं सॅडल पार मागं, स्प्रिंग दाबून दाबून घट्ट. स्प्रिंग काढली तर दोन मिलिमीटर मिळाले, म्हणजे चार सेंट. आठ उरले. आठ सेंट म्हणजे चार मिलिमीटर, आणि ते ब्रिजमध्ये नव्हतेच. नट ते बारावा फ्रेट मोजलं, ४३२ भरलं. फ्रेट बरोबर होते. कधीतरी कुणीतरी हा ब्रिज बॉडीवर पुढं बसवून टाकला होता.

नवा, महाग ब्रिज त्याच भोकांवर बसवला असता तर तो त्याच चुकीच्या जागी बसला असता. जड पितळी ब्रिजनं स्वर लांबतो की नाही यावर बेसवाले तासन्‌तास वाद घालतात; तो वाद घालू देत, स्वराच्या जागेचा त्याच्याशी संबंध नाही. टोकाला निमुळती होणारी तार लावता आली असती. तिचा सॅडलवरचा भाग बारीक असतो, ताठपणा कमी होतो आणि थोडी भरपाई मिळते. पण दर वेळी तसलीच तार शोधत फिरायचं, हे एका विद्यार्थ्याच्या गळ्यात बांधायला मला नको वाटलं. ब्रिज मागं सरकवायचा असं ठरलं.

सोसायटीत सुतारकाम चालू होतं, तिथल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, एवढ्याशा चार मिलिमीटरनं काय होणार? त्यासाठी पाच भोकं बुजवायची?" मी त्यांना मोकळी ई वाजवून दाखवली, लगेच बाराव्या फ्रेटवरची वाजवली, मग पुन्हा मोकळी. काका दोन वेळा ऐकून म्हणाले, "वरचा वर जातोय." संगीताचा त्यांचा काही संबंध नाही. ज्यांना वाटतं की एवढं बारीक कुणाला कळतं, त्यांना मी हा प्रसंग सांगते.

नवी भोकं जुन्यांच्या अगदी जवळ येणार होती, म्हणून आधी जुनी सागाच्या खुंट्यांनी फेव्हिकॉल लावून भरली आणि एक रात्र सुकू दिली. हवे होते चार मिलिमीटर. मी काकांना आठ सांगितले, म्हणजे काढलेली स्प्रिंग परत बसते आणि पुढं कुणी जाड तार लावली तर सॅडलला हलायला जागा राहते. भोक पाडण्याआधी हेडपासून ब्रिजपर्यंत नेकच्या दोन्ही कडांलगत दोरे ताणून पाहिले, बाहेरच्या दोन्ही तारा कडांपासून सारख्या अंतरावर येतात ना ते. काकांनी स्क्रूंना साबण फासला, म्हणजे ते लाकूड न फोडता आत जातात. ब्रिजच्या पट्टीखाली एक उघडी तार दबलेली असते, आतल्या वायरिंगला जोडलेली. तिच्यामुळं तारांना अर्थिंग मिळतं. ब्रिज काढताना ती निसटली आणि लक्षात नाही आलं, तर बेस सुरात येते पण ॲम्प्लिफायर घूं घूं करत राहतो. ती जागच्या जागी दाबून ब्रिज बसवला. खुंट्या पट्टीखाली झाकल्या गेल्या.

मग खरं काम सुरू झालं. तार सुरात लावायची, फ्रेटवरचा स्वर बघायचा, चढा असेल तर सॅडल मागं, उतरा असेल तर पुढं, तार पुन्हा सुरात, पुन्हा बघायचं. बहुतेक जण बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला उपस्वर, आणि तिथलाच दाबलेला स्वर ताडून बघतात. मी ईवर तसं करत नाही. जाड तारेचे हार्मोनिक ताठपणामुळं स्वतःच किंचित चढे असतात, आणि बेसवर हार्मोनिक आपण वाजवतो तरी किती? मी पाचवा आणि सतरावा फ्रेट ताडते, मग तिसरा आणि पंधरावा. आणि ज्याची बेस त्यालाच वाजवायला लावते. हा मुलगा तार जोरात ओढणारा आहे. जोरात ओढलेली तार सुरुवातीला चढी वाजते आणि मग खाली स्थिरावते. ट्यूनर ते स्थिरावलेलं दाखवतो, पण गाण्यात त्याचा स्वर तिथवर जगतच नाही. मोजायचं तर त्याच्या हाताचं मोजायला हवं.

ब्रिज बेसला सुरात आणतो, असं बोलण्याची पद्धत आहे. माझा अनुभव वेगळा आहे. फ्रेटवाली बेस प्रत्येक फ्रेटवर एकाच वेळी पूर्ण सुरात येतच नाही. सतरंजीची सुरकुती एका टोकाला दाबली की दुसरीकडं वर येते, तसंच हे. बारावा अगदी शून्यावर आणला की तिसरा दोन सेंट वर. तिसरा नीट केला की बारावा त्याहून जास्त खाली. सॅडल फिरवताना आपण ठरवत असतो की उरलेली चूक कुठं राहू द्यायची. आणि ते ठरवायला वादक कुठं वाजवतो हे माहीत असावं लागतं. ट्यूनरला ते माहीत नसतं.

जेम्स जेमरसनचं उदाहरण मला इथं नेहमी आठवतं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत साठच्या दशकात ज्याच्या बेसवर अर्धी अमेरिका नाचली, त्याच्याकडं १९६२ ची प्रिसिजन होती. तारा जाड, चपट्या गुंडाळणीच्या, आणि तुटेपर्यंत न बदलणारा माणूस. तारा उंच, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. आजच्या कुठल्याही दुकानात ती बेस सेटअपला घेतली तर कारागीर कपाळाला हात लावेल. पण जेमरसन डबल बेसवरून आलेला. मोकळ्या तारा आणि खालचे फ्रेट यांवर त्याचा बहुतेक संसार. फोममुळं स्वर आखूड, आखूड स्वरात हेलकावा ऐकू यायला वेळच नाही. त्याची चूक जिथं राहत होती तिथं तो फारसा जातच नव्हता. यावरून मी सेटअप करू नये असं म्हणत नाही. त्या बेसचा सेटअप त्याच्या बोटांत झालेला होता, आणि तो उचलून दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

या मुलाचंही बहुतेक वाजवणं तिसऱ्या ते नवव्या फ्रेटमध्ये. तिथं स्वर नेमके ठेवले, बाराव्यावर दोन सेंट उतरा सोडला आणि त्याला तसं सांगितलं.

तो खूश झाला, आणि मग खरी अडचण बाहेर आली. त्याची मोठी बहीण किराणा घराण्याची गायकी शिकते, घरी तानपुरा लावून दोघं एकत्र बसतात, आणि सगळे स्वर नीट केल्यावरही गंधारावर काहीतरी खटकतं. "आता तर ब्रिज पण बरोबर आहे ना, ताई?"

ब्रिज बरोबरच होता. तानपुरा नीट लागला की त्याच्या षड्जातून आपोआप गंधार उमटतो, तो पाचव्या उपस्वराचा. तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. फ्रेटचा गंधार ४०० वर. हे चौदा सेंट कुठल्याही सॅडलनं जाणार नाहीत, कारण ते फ्रेटच्या जागेतच आहेत. तार ओढून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही, आणि इथं उतरवायला हवा. हार्मोनियमच्या पट्ट्यांबद्दल हीच तक्रार शंभर वर्षांपूर्वी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी केली होती. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींचं गणित छापलं, क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची हार्मोनियम घडवून घेतली, आणि या खटाटोपात त्यांना स्वर गाऊन दाखवणारा गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा, म्हणजे या मुलीच्याच घराण्याचा.

सांगलीजवळच मिरजेत तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी लावताना एकदा पाहिलं होतं. मी आयुष्यभर सॅडलवर तार एका नेमक्या बिंदूवर सुटावी म्हणून झटत आलेय. तिथं कारागीर हाडाच्या घोडीला घासून असा हलका उतार देत होता की तारेनं एका बिंदूवरून सुटूच नये, उतारावरून घासत जावं, आणि त्या घासण्यातून उपस्वर फुलावेत. घोडी आणि तार यांच्यामधला दोरा तो केसभर सरकवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. माझ्या सॅडलवर असा झिजलेला उतार आला तर मी त्याला बझ, म्हणजे नको असलेली झणझण, म्हणते आणि कानस काढते. दोन्ही ठिकाणी मोजली जाते ती तार आणि टेकू यांच्यामधली तीच बारीक जागा, आणि दोघांना तिच्याकडून हवं आहे ते अगदी उलटं.

मुलाला मी सांगितलं, बहिणीबरोबर बसशील तेव्हा षड्ज आणि पंचम धर. फ्रेटचा पंचम तानपुऱ्याच्या पंचमापेक्षा दोनच सेंट खाली आहे, तो खपतो. गंधार तिला गाऊ दे, तू त्याच्याखालून बाजूला हो. आणि तारा लावताना पाचव्या-सातव्या फ्रेटचे हार्मोनिक जुळवून लावू नकोस. प्रत्येक जोडीत दोन सेंट गळतात आणि ईपासून जीपर्यंत सहा होतात. प्रत्येक तार ट्यूनरवर वेगळी लाव.

त्यानं थोडा विचार केला. "मग फ्रेट काढूनच टाकू का? जॅको पॅस्टोरियसची होती ना तशी?"

होती. जॅको हा बिनफ्रेटच्या बेससाठी गाजलेला अमेरिकन वादक. त्याची फेंडरचीच १९६२ ची जॅझ बेस, फ्रेट नसलेली, खाचा भरलेल्या, वर इपॉक्सीचा थर, कारण गोल गुंडाळणीच्या तारा नुसतं लाकूड खाऊन टाकतात. तिच्यावर ३८६ चा गंधार मिळतो. पण तो मिळवायचा बोटानं, दर वेळी, दिव्याशिवाय, ट्यूनरशिवाय, आणि त्यासाठी आधी तो कानात असावा लागतो. मी म्हटलं, ही बेस आत्ताच सुरात आलीय, हिला हात लावू नकोस. बहिणीचा रियाज सुरू असताना वर्षभर नुसता षड्ज धरून बस. गंधार ऐक. त्यानंतरही काढावेसे वाटले तर ये, फ्रेट उपटायची पक्कड माझ्याकडं आहे.